पोस्टमनची दुसरी हांक

एकदां सांगितलेली गोष्ट पुन्हां सांगूं नये असा नियम वाङ्मयाच्या प्रांतांत कोणीं केलेला नाहीं. आणि तसा तो झाला असता तर रामायण-महाभारतावर पोसलेल्या आमच्या वाङ्मयाचा मोठा भाग जन्मासच आला नसता. शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' ह्या नांवानें मराठींत आणला, आणि त्याच्याच 'ऑथेल्लो'वरून देवलांनीं १८९० सालीं 'झुंझारराव' रचिलें. एकांत राजाचा खून व राणीचें दिराशीं झालेलें लग्न, दुसऱ्यांत पत्नीवरील खोटा संशय व तिचा वध. म्हणजे संसारांतील विश्वासघात आणि त्यांतून उद्भवणारा रक्तपात हाच दोहोंचाहि विषय. परक्याची गोष्ट आपल्या काळास मानवेल अशा रीतीनें पुन्हां सांगण्याची ही कला मराठी वाचकास, एवंच, अपरिचित नाहीं. अशा पुनःकथनांत एक मौज असते. मूळ कथेंतील काय ठेविलें आणि काय गाळलें हें पाहिलें म्हणजे पुन्हां सांगणाराच्या काळाचें अंतरंग आपल्या हातीं लागतें.

ह्या दृष्टीनें अमेरिकेंतील एका कथेचा इतिहास आम्हांस विशेष विचारार्ह वाटतो. जेम्स एम. केन ह्या लेखकाची 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस' ही लहानशी कादंबरी १९३४ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून त्याच नांवाचा हॉलिवुडचा गाजलेला चित्रपट १९४६ सालीं निघाला; आणि पस्तीस वर्षांनीं, १९८१ सालीं, बॉब राफेल्सन ह्या दिग्दर्शकानें तीच कथा त्याच नांवानें पुन्हां पडद्यावर आणली. पहिल्या चित्रपटाच्या कर्त्यांचे हात सेन्सॉरच्या नियमांनीं बांधलेले होते. दुसऱ्याच्या कर्त्यांस जवळजवळ पूर्ण मोकळीक होती. मोकळीक मिळाल्यावर गोष्ट अधिक खरी झाली काय, असा आमचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं कथेच्या उगमापर्यंत जाणें अवश्य आहे.

हा उगम एका खऱ्या खुनांत आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स ह्या भागांत आल्बर्ट स्नायडर नांवाचा एक गृहस्थ राहत असे. यांत्रिक नौकांसंबंधीं निघणाऱ्या एका मासिकाचा तो कलासंपादक होता. त्याची पत्नी रूथ हिचा जड ग्रे नांवाच्या एका फिरत्या विक्रेत्याशीं संबंध जुळला. हा गृहस्थ स्त्रियांच्या कांचोळ्या विकीत असे. रूथनें नवऱ्याचा विमा उतरवून घेतला होता, आणि त्यांत अपघातानें अथवा घातपातानें मृत्यु आल्यास दुप्पट रक्कम मिळावी असें कलम होतें. १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस पहांटे ह्या दोघांनीं आल्बर्टला झोंपेंत ठार केलें. खिडकीच्या तावदानास तोल म्हणून बांधतात तें लोखंडी वजन, क्लोरोफॉर्म आणि तसबिरी टांगण्याची तार हीं त्यांचीं साधनें. चोरांनीं येऊन आपणांस बांधून ठेविलें असा देखावा रूथनें केला. परंतु चोरीस गेले म्हणून सांगितलेले दागिने तिच्याच गादीखालीं सांपडले. मग जें झालें तें खुनाहूनहि अधिक उद्बोधक आहे. ज्या दोघांनीं परस्परांसाठीं तिसऱ्याचा जीव घेतला, त्यांनीं न्यायासनासमोर सर्व दोष एकमेकांच्या माथीं मारण्याची शिकस्त केली. १९२८ च्या जानेवारींत, १२ तारखेस रात्रीं, सिंग सिंग येथील तुरुंगांत दोघांसहि विजेच्या खुर्चीवर देहान्त शासन झालें. टॉम हॉवर्ड नांवाचा एक छायाचित्रकार घोट्यास लहानसा कॅमेरा बांधून आंत शिरला होता. त्यानें रूथच्या अखेरच्या क्षणाचें चोरून घेतलेलें चित्र दुसऱ्या दिवशीं 'डेली न्यूज' ह्या पत्राच्या पहिल्या पानावर झळकलें.

हा खटला म्हणजे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांची पर्वणीच झाली होती. प्रसिद्ध लेखक, धर्मोपदेशक, चित्रपटांचे दिग्दर्शक न्यायालयांत येऊन बसत. सोफी ट्रेडवेल ह्या लेखिकेनें त्याच वर्षीं, १९२८ सालीं, 'मशिनल' हें नाटक लिहून रूथच्या जागीं यंत्रयुगांत चिरडली गेलेली एक सामान्य स्त्री उभी केली. मारला गेलेला आल्बर्ट मात्र ह्या सगळ्या गदारोळांत कोणाच्याच लक्षांत राहिला नाहीं. खुनाच्या कथेंत खुनी मोठे होत जातात आणि मेलेला माणूस लहान होत जातो, हा नियम येथेंच दिसूं लागतो. वाचकांनीं तो लक्षांत ठेवावा अशी विनंती आहे.

केन हा त्या काळीं न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' ह्या दैनिकांत अग्रलेख लिहीत असे. १८९२ सालीं मेरिलंडांत जन्मलेला हा मनुष्य एका कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा, आई गायिका, स्वतः त्यासहि गवई होण्याची हौस होती, पण ती सिद्धीस गेली नाहीं. पुढें तो पटकथा लिहिण्यासाठीं कॅलिफोर्नियांत गेला, आणि तेथील लांबच लांब रस्ते, त्यांच्या कडेचे पेट्रोलपंप व खाणावळी पाहतां पाहतां जुन्या खटल्याचें बीज त्याच्या मनांत रुजलें. मोहाची गोष्ट जगांत पुष्कळांनीं सांगितली आहे. दोघे अपराधी एकमेकांचे साक्षीदार होतात आणि म्हणूनच एकमेकांचे वैरी होतात, ह्या गोष्टीनें केनला पछाडलें.

कादंबरीचें कथानक थोडक्यांत असें. फ्रँक नांवाचा एक निरुद्योगी भटक्या कॅलिफोर्नियांतील एका रस्त्याकडेच्या खाणावळींत येऊन पडतो. खाणावळीचा मालक निक पापाडाकिस हा ग्रीक. सरळ, गाणाबजावण्याचा शोकी. त्याची तरुण पत्नी कोरा सौंदर्यस्पर्धा जिंकून हॉलिवुडास आलेली, तेथें निराश होऊन अखेर ह्या चुलीपाशीं येऊन थांबलेली. फ्रँक आणि कोरा ह्यांचें सूत जमतें, आणि निकचा कांटा काढण्याचा बेत ठरतो. पहिला प्रयत्न न्हाणीघरांत होतो. परंतु एक मांजर विजेच्या पेटीवर चढतें, दिवे जातात, आणि निक वांचतो. दुसऱ्या खेपेस मोटारीचा अपघात भासवून त्यास मारितात. ह्या प्रसंगांतील एक तपशील विसरतां येत नाहीं. डोंगरांतील रस्त्यावर निक मोठ्यानें एक सूर लावतो आणि त्याचा प्रतिध्वनि ऐकण्यासाठीं कान देतो. तेवढ्यांत फ्रँक त्याच्या डोक्यांत पाना घालतो. माणूस मेल्यानंतर त्याचा सूर डोंगरावरून परत येतो. गवई होऊं न शकलेल्या लेखकानें हा प्रतिध्वनि उगीच घातलेला नाहीं. साऱ्या कादंबरीचा अर्थ त्यांत सांठविला आहे: आपण केलेलें कर्म आपण हात धुतल्यावरहि परत येतें.

ह्यापुढील न्यायालयाचा भाग मोठा मार्मिक आहे. सरकारी वकील फ्रँकला धाक घालून त्याच्याकडून कोराविरुद्ध फिर्यादीवर सही करवितो. कोरा संतापून सगळें सांगून टाकते. पण तिच्या वकिलानें आपलाच एक माणूस पोलिसांचा म्हणून तिचा जबाब घेण्यास बसविलेला असतो, त्यामुळें तो कबुलीजबाब दप्तरीं पोंचतच नाहीं. मग हा वकील विमा-कंपन्यांचे हितसंबंध असे कांहीं परस्परांवर आदळवितो, कीं कोरा निर्दोष ठरण्यांतच त्या सर्वांस फायदा वाटूं लागतो. कोरा नाममात्र शिक्षेवर सुटते. विम्याचे दहा हजार डॉलर तिच्या पदरांत पडतात. आणि सरकारी वकिलाशीं लावलेली शंभर डॉलरची पैज जिंकल्याचेंच वकिलास अधिक समाधान वाटतें. न्याय ही येथें दोन वकिलांमधील पैज होऊन बसली आहे.

पैज जिंकली, पण फ्रँक व कोरा हरलीं. एकमेकांस विकण्यास आपण तयार झालों होतों, हें दोघांसहि कळून चुकलेलें असतें. त्या क्षणापासून प्रेम आणि भय एकाच खोलींत झोंपतात. पुढें कोरास दिवस जातात, दोघें लग्न करितात, आणि आतां सर्व सुरळीत होईल असें वाटत असतांनाच मोटारीच्या खऱ्या अपघातांत कोरा मरते. हा अपघात मात्र कोणाचा विश्वास बसूं नये असा ठरतो. आणि जो खून फ्रँकनें केलाच नाहीं त्यासाठीं त्यास मरणाची शिक्षा होते. मरणाची वाट पाहत बसलेल्या फ्रँकचें निवेदन म्हणजेच ही कादंबरी.

ग्रंथनामाचा उलगडा आतां होईल. कथेंत पोस्टमन नांवाचें पात्र कोठेंहि नाहीं. केनचा मित्र व्हिन्सेंट लॉरेन्स हा नाटककार. आपलें हस्तलिखित पसंत पडलें कीं परत आलें हें कळविणाऱ्या टपालाची वाट पाहतांना त्याचा जीव टांगणीस लागे, आणि दारावरची घंटा दोनदां वाजली म्हणजे हा पोस्टमनच असें तो समजे. ह्या गप्पांतून केनला नांव सुचलें. पहिली घंटा ऐकली नाहीं म्हणून पत्र चुकत नाहीं; दुसरी वाजतेच. खऱ्या खुनांतून सुटलेला फ्रँक खोट्या खुनांत सांपडतो, ही ती दुसरी घंटा.

ह्या कादंबरीचे हक्क मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें १९३४ सालींच घेतले. परंतु त्याच वर्षापासून अमेरिकन चित्रपटांची आचारसंहिता जोसेफ ब्रीन ह्याच्या देखरेखीखालीं कडकपणें अमलांत येऊं लागली, आणि व्यभिचार व खून ह्यांची अशी सांगड तींत बसेना. बारा वर्षें हक्क पेटींत पडून राहिले. मध्यंतरीं युरोपानें कथा उचलली. फ्रान्सांत १९३९ सालीं पिएर शनाल ह्यानें तिच्यावर चित्रपट काढला. इटलींत लुकिनो व्हिस्कोंती ह्यास ज्याँ रेन्वार ह्या फ्रेंच दिग्दर्शकाकडून कादंबरीचें भाषांतर मिळालें, आणि त्यावरून १९४३ सालीं त्याचा पहिलाच चित्रपट, 'ओस्सेस्सिओने', निर्माण झाला. मूळ हक्क घेतलेले नसल्यामुळें अमेरिकेंत तो १९७६ पर्यंत दिसूं शकला नाहीं. पो नदीच्या कांठचा सपाट, धुळीनें भरलेला मुलूख, घामेजलेलीं माणसें आणि दारिद्र्य हें सर्व पाहून मुसोलिनीच्या राज्यांतील अधिकाऱ्यांस तो रुचला नाहीं ह्यांत नवल नाहीं. कारण त्यांच्या राज्यांत असें कांहीं असल्याचें त्यांस कबूल नव्हतें. ह्याच चित्रपटापासून इटलींतील वास्तववादी चित्रपटांची परंपरा सुरू झाली असें पुष्कळ जाणते मानतात. व्हिस्कोंतीनें वकिलांचा डाव जवळजवळ गाळला; खून तर दाखविलाच नाहीं; परंतु खुनानंतरचा परस्पर अविश्वास मात्र त्यानें पुरतेपणीं ठेविला. त्याच्या नायकास नायिकेपेक्षां मेलेल्याच्या घराचीच अधिक भीति वाटते. कथेचें मर्म त्यानें ओळखलें होतें.

अमेरिकेंत १९४४ सालीं बिली वाइल्डरनें केनच्याच 'डबल इंडेम्निटी' ह्या कथेचा चित्रपट यशस्वी करून दाखविल्यावर मेट्रोचा धीर वाढला. टे गार्नेटचा १९४६ चा चित्रपट निघाला तो असा. कोरा झालेली लाना टर्नर जवळजवळ सर्व प्रवेशांत पांढऱ्या शुभ्र वेषांत आहे. पांढऱ्या रंगानें विषयाची ऊष्णता थोडी कमी भासेल असा हिशेब त्यांत होता, आणि झालें तें उलटेंच. फ्रँकचें काम जॉन गारफील्डनें केलें. नियमांच्या धाकानें पुष्कळ गोष्टी सूचनेवर भागवाव्या लागल्या: फरशीवर घरंगळत आलेली ओठ रंगविण्याची कांडी आणि दारांत उभी असलेली कोरा, एवढ्यानें जें कळावयाचें तें कळतें. निक पापाडाकिसचा निक स्मिथ झाला, आणि सेसिल केलवे ह्यानें त्यास एक भोळा म्हातारा बनविलें. ही मात्र हानि होय. मूळ कोराच्या मनांत ग्रीक नवऱ्याविषयीं जो वर्णाचा तिटकारा आहे, आणि आपणांस लोक हलक्या वंशाची समजतील असें जें भय आहे, तें सर्व नांव बदलतांच नाहींसें झालें. एक समाज आपला एक दोष झांकून दुसरा उघड करण्यास तयार झाला, असें म्हणावें लागतें.

परंतु ह्या चित्रपटानें शेवट सोडला नाहीं. तुरुंगांतील कोठडींत सरकारी वकील फ्रँकला समजावितो कीं, कोराच्या मृत्यूंतून तूं सुटलास तरी निकच्या खुनांतून सुटणार नाहींस. तेव्हां फ्रँकच्या तोंडून पोस्टमनचा दृष्टांत येतो. हा प्रवेश थोडा उपदेशपर आहे, आणि सेन्सॉरास संतुष्ट करण्याचा हेतु त्यांत स्पष्ट दिसतो. तथापि फ्रँकचा तो स्वीकार पोकळ वाटत नाहीं. आपला हिशेब पुरा झाला हें त्यास पटलेलें असतें.

आतां १९८१ चा चित्रपट. जुनी आचारसंहिता १९६८ सालीं मोडीत निघाली होती. डेव्हिड मॅमेट ह्या नाटककाराची ही पहिली पटकथा. छायालेखन बर्गमनचा सहकारी स्वेन न्यूक्विस्ट ह्याचें. फ्रँक जॅक निकल्सन, कोरा जेसिका लँग. इतका गुणसमुच्चय एकत्र येणें विरळा. ह्या चित्रपटाच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें आधीं म्हटलें पाहिजे. मंदीच्या काळांतील दारिद्र्य त्यानें परत आणिलें. खाणावळीची कळकट भिंत आणि मंद प्रकाश ह्यांत भूक दिसते. जॉन कोलिकोसच्या रूपानें निकला त्याचें ग्रीक नांव आणि एका जिवंत माणसाचें वजन परत मिळालें. जेसिका लँगची कोरा ही मोहिनी नसून श्रमानें वांकलेली, स्वतःचें कांहीं असावें अशी तळमळ बाळगणारी बाई आहे. शरीराच्या ज्या ओढीविषयीं १९४६ त फक्त सुचवितां येत होतें, ती येथें पिठानें माखलेल्या स्वयंपाकघराच्या मेजावर उघडपणें दिसते. इतकें सगळें मूळ कादंबरीस धरून आहे.

पण शेवटीं मोटार उलटते, कोरा रस्त्याच्या कडेस मरून पडते, फ्रँक तिच्याजवळ बसून रडूं लागतो, आणि चित्रपट तेथेंच संपतो. पुढचा खटला नाहीं, कोठडी नाहीं, शिक्षा नाहीं. त्यामुळें चमत्कार असा होतो कीं, नांव मात्र पोस्टमनचें राहतें आणि पोस्टमन कांहीं येत नाहीं. ह्या कृतीचें समर्थन करणारे म्हणतील कीं, प्रिय व्यक्तीचा मृत्यु हीच मोठी शिक्षा. फांशी ही त्यापुढें कायद्याची औपचारिकता. हा आक्षेप हलका नाहीं, आणि पडद्यावरील तें रडणें खोटेंहि नाहीं. तरी आमचें मत निराळें पडतें. फ्रँकचा शोक कोरासाठीं आहे. निकसाठीं कोणी रडत नाहीं. शोकावर गोष्ट संपविली म्हणजे प्रेक्षकाची सहानुभूति खुन्यापाशींच थांबते, आणि डोंगरांत घुमलेला तो सूर परत येत नाहीं. मूळ कादंबरींतील शिक्षा अन्यायाची आहे, कारण त्या खुनांत फ्रँक निर्दोष आहे. आणि तीच न्यायाची आहे, कारण तो दुसऱ्या खुनांत दोषी आहे. ह्या दोन सत्यांच्या कात्रींत वाचक सांपडतो, व त्यास कोणता कौल द्यावा हें समजत नाहीं. केनची सारी कमाई ह्या अस्वस्थतेंत आहे. १९८१ च्या कर्त्यांनीं बंधनें गेल्यावर शृंगार परत मिळविला, आणि हिशेब मात्र हरवून बसले. जुन्या काळास जें दाखविण्याची लाज वाटत होती तें त्यांनीं दाखविलें. परंतु शिक्षेविषयीं बोलण्याची त्यांस लाज वाटली असावी असें दिसतें. प्रत्येक काळास आपला आपला संकोच असतो. एकाचा संकोच शयनगृहाच्या दारांत उभा राहतो, दुसऱ्याचा न्यायमंदिराच्या.

ही गोष्ट तेथेंहि थांबली नाहीं. २००८ सालीं क्रिश्चन पेट्झोल्ड ह्या जर्मन दिग्दर्शकानें 'येरिखो' ह्या चित्रपटांत तीच त्रयी जर्मनीच्या ईशान्य भागांत नेऊन बसविली. नवरा अली हा जर्मनींत स्थायिक झालेला तुर्क, रस्त्यांवरील खाद्यगृहांचा मालक. पत्नी कर्जानें त्याच्याशीं जखडलेली. तिसरा सैन्यांतून काढून टाकलेला शिपाई. येथें कट अलीस आधींच कळतो, आणि त्या दोघांच्या डोळ्यांदेखत तो आपली गाडी स्वतःच कड्यावरून लोटून देतो. खून करण्याची संधीहि तो त्यांच्यापासून हिरावून घेतो. आल्बर्ट स्नायडरपासून निकपर्यंत ज्याच्याकडे कोणी पुरतें पाहिलें नव्हतें तो नवरा येथें प्रथमच कथेच्या मध्यभागीं येऊन उभा राहतो, आणि मागें उरलेल्या दोघांस शिक्षा कोणीं द्यावयाची हा प्रश्नच उरत नाहीं. दुसरी घंटा येथें मेलेल्या माणसानें वाजविली आहे.

देवाच्या काठीला आवाज नसतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. केनच्या पोस्टमनची घंटा आणि ही म्हण परस्परविरुद्ध दिसतात. एकीस आवाज आहे, दुसरीस नाहीं. परंतु दोहोंच्या पोटांत एकच जुना अनुभव आहे, कीं जगांत हिशेब कोठें तरी लिहिला जातो आणि तो चुकविण्याची चतुराई ज्या दिवशीं साधली असें वाटतें त्याच दिवशीं तो अधिक निश्चित होतो. हा अनुभव ईश्वराच्या नांवानें सांगावा, कायद्याच्या नांवानें सांगावा, कीं मनाच्या भीतीच्या नांवानें सांगावा, हें ज्या त्या काळानें ठरवावें. कथाकारास त्यांत पूर्ण मुभा आहे. तो अनुभवच गाळून उरलेली गोष्ट सांगण्याची मुभा मात्र त्यानें घेऊं नये. उद्यां कोणी मराठी नाटककार अथवा दिग्दर्शक हें कथानक आपल्या महामार्गांवरील एखाद्या खाणावळींत आणून बसवील तर आम्ही त्याचें स्वागतच करूं. शृंगार किती दाखवावा हें त्यानें आपल्या रुचीनें ठरवावें. फक्त मारल्या गेलेल्या माणसाचा सूर डोंगरावरून परत येतो कीं नाहीं, एवढें आम्ही कान देऊन ऐकूं.